तुमचे १७२ किलोमीटर कुठून आले असावेत?

प्रश्न थोडक्यात असा: एका जुन्या ढालप्रदेशावरच्या, म्हणजे खंडाच्या प्राचीन, स्थिर गाभ्यावरच्या, एकाच ब्रॉडबँड भूकंपमापन केंद्राची दीड वर्षाची नोंद तुमच्या हाताशी आहे. त्यावरून पी-रिसीव्हर फंक्शन (केंद्राखालच्या सीमा दाखवणारे आलेख) काढली, मोहो, म्हणजे कवचाचा तळ, ३५ किलोमीटरवर नीट मिळाला, आणि पुढे १९ सेकंदांच्या आसपास एक ठळक ऋण शिखर दिसलं. वेगाचं प्रमाणित मॉडेल वापरून त्याची खोली १७२ किलोमीटर आली. त्याच भागाबद्दल एका शोधनिबंधात शिलावरण, म्हणजे भूपट्टाचा ताठ थर, १०० किलोमीटर जाड म्हटलंय, दुसऱ्यात २०० च्या वर. तुमचा आकडा दोघांच्या मधोमध बसतो. तर प्रबंधात ‘शिलावरणाची जाडी १७२ किलोमीटर’ असं लिहावं का?

इतक्यात लिहू नका. हा आकडा माझ्या ओळखीचा आहे, आणि तो ओळखीचा का वाटतो ते खाली हिशेब मांडून दाखवते. पण आधी त्या दोन निबंधांत दुपटीचा फरक का पडला ते पाहू, कारण मूळ अडचण तिथे आहे. दोघांनीही भूकंपलहरीच वापरल्या आहेत आणि दोघांचंही गणित बरोबर असू शकतं. जाडी मोजायची तर वरची बाजू ठरलेली हवी आणि खालचीही. वरची बाजू आपल्या पायाखाली आहे. खालची नेमकी कशाला म्हणायचं यावरच एकमत नाही.

मोहोच्या बाबतीत हा घोळ नाही. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियात झाग्रेबच्या दक्षिणेला भूकंप झाला. त्याच्या नोंदी चाळताना आंद्रिया मोहोरोविचिच यांना एकाच भूकंपाच्या पी लहरी, म्हणजे सगळ्यात आधी पोचणाऱ्या दाबलहरी, दोनदा आलेल्या दिसल्या. एक कवचातून थेट आलेली, दुसरी खालच्या जास्त वेगवान खडकातून वळसा घालून, तरीही दूरच्या केंद्रांवर आधी पोचलेली. तिथे खडकच बदलतो. पी लहरीचा वेग सेकंदाला साडेसहा-सात किलोमीटरवरून आठवर जातो, आणि हा बदल सहसा इतक्या कमी अंतरात होतो की आपल्या लहरींना ती जवळपास एक रेघच वाटते. खंडांखाली ही रेघ साधारण ३५-४० किलोमीटरवर असते, महासागरांच्या तळाखाली सहा-सात किलोमीटरवर.

शिलावरणाचा तळ मोहोच्या बराच खाली असतो, आणि तिथे खडक बदलतोच असं नाही. वरही पेरिडोटाइट (कवचाखालच्या प्रावरणाचा मुख्य खडक), खालीही पेरिडोटाइट. बदलतो तो त्याचा ताठपणा. वरचा भाग भूपट्टाबरोबर एकसंध सरकतो, खालचं दुर्बलावरण लाखो वर्षांच्या हिशेबाने वाहतं. १९१४ मध्ये जोसेफ बॅरेल यांनी ही विभागणी मांडली ती भूकंपलहरींवरून नव्हे, तर कवचावरचा भार जमीन कशी पेलते या प्रश्नावरून. म्हणजे व्याख्या बळाची आहे आणि आपण ती वेगाने मोजायला निघालो आहोत.

हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर तुकडे उडतात, पण तोच गोळा महिनाभर पडू दिला तर पसरून चपटा होतो. भूकंपलहर हातोडा घेऊन येते. तिचा आवर्तकाल एक सेकंदापासून फार तर काहीशे सेकंदांपर्यंत. तेवढ्या वेळात दुर्बलावरण दगडासारखंच वागतं. एस लहरी, म्हणजे पीच्या मागून येणाऱ्या आडव्या कंपनांच्या लहरी, द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण दुर्बलावरणातून खुशाल पार होतात. त्यांना तिथे फक्त थोडा वेग गमवावा लागतो, बहुतेक ठिकाणी काही टक्केच. बेनो गुटेनबर्ग यांनी १९२० च्या दशकातच असा मंदवेगाचा पट्टा असावा असं सुचवलं होतं.

हा वेग कमी व्हायला कारणं अनेक. तापमान वाढलं, खडकात किंचित वितळलेला रस असला, खनिजांत पाणी शिरलं, खनिज बदललं किंवा स्फटिकांचा कल फिरला, कशानेही. यातली काही कारणं खडकाला खरोखर सैल करतात, काही अजिबात नाही. त्यामुळे ‘वेग घटला’ इथून ‘शिलावरण संपलं’ इथपर्यंतची उडी आपण मारतो, लहर नाही. विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते आणि ते सगळे तिसऱ्या आठवड्यात विसरतात. मीही विसरले होते, त्याची गोष्ट पुढे येईल.

आता तुमचं शिखर. दूरच्या भूकंपाची पी लहर केंद्राखालून तिरकी वर येते. वाटेत वेगाची सीमा लागली की तिच्यातली थोडी ऊर्जा एस लहरीत बदलते. एस मंद चालते, म्हणून ती मूळ पीच्या मागून पोचते. जितकी सीमा खोल तितका उशीर जास्त. आडव्या घटकावरून उभ्या घटकाचा ठसा काढून टाकला, म्हणजे डीकन्व्होल्यूशन केलं, की या उशिरा आलेल्या एस उघड्या पडतात. खाली जाताना वेग वाढत असेल तर धन शिखर, कमी होत असेल तर ऋण. इथवर तुम्ही केलंयच.

कवचात पीचा वेग ६.३ आणि एसचा ३.६ किलोमीटर प्रति सेकंद धरू, प्रावरणात ८.१ आणि ४.५. रे पॅरामीटर, म्हणजे लहर किती तिरकी येते ते सांगणारा आकडा, ०.०६ सेकंद प्रति किलोमीटर. ३५ किलोमीटरवरच्या मोहोची बदललेली लहर ४.४ सेकंदांनी येते. प्रावरणात पुढच्या प्रत्येक किलोमीटरला साधारण ०.१०६ सेकंदाची भर पडते, म्हणून १०० किलोमीटरवरची सीमा सव्वाअकरा सेकंदांवर दिसायला हवी. पण मोहो एवढ्यावर थांबत नाही. पी लहर जमिनीपर्यंत येते, तिथून उलटून खाली जाते, मोहोवर आपटते आणि पुन्हा वर येते. या फेरीत शेवटचा टप्पा एस म्हणून पार पडला तर ती १४.६ सेकंदांवर येते, धन. दोन टप्पे एस म्हणून पार पडले तर १९ सेकंदांवर, आणि हिची खूण उलटी, म्हणजे ऋण.

तुमच्या प्रोग्रामला ही फेरी ठाऊक नाही. त्याला १९ सेकंदांवर ऋण शिखर दिसलं, ते त्याने थेट खालून आलेलं समजून खोलीत बदललं. आपल्याच आकड्यांनी बदलून पाहा: १९ मधून ४.३५ वजा करा, ०.१०६ ने भागा, वर ३५ मिळवा. १७३ येतात. तुमचे १७२.

एका किलोमीटरचा फरक वेगाच्या मॉडेलचा असेल. ३५ किलोमीटरचा मोहो असलेल्या कुठल्याही केंद्राखाली, शिलावरण कितीही जाड असो, पी-रिसीव्हर फंक्शनमध्ये १७० ते १७५ च्या दरम्यान हे भूत उभं राहतंच. मोहो ४० वर असता तर ते तुम्हाला आणखी वीस-पंचवीस किलोमीटर खाली दिसलं असतं आणि तुम्ही २०० किलोमीटरवाल्या निबंधाला दुजोरा दिला असता.

तरीही तो प्रतिध्वनीच आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. खरी सीमा नेमकी तिथेच असण्याची शक्यता उरते. पण दोन्हींत फरक करता येतो. नोंदी भूकंपाच्या अंतरानुसार लावा, ९० अंशांपासून ३० अंशांपर्यंत (हे अंतर पृथ्वीच्या केंद्रापाशी होणाऱ्या कोनात मोजतात). जवळच्या भूकंपाची लहर जास्त तिरकी येते. थेट खालून आलेल्या बदललेल्या लहरीचा उशीर त्यामुळे वाढतो, आणि १७२ किलोमीटर खोलीसाठी हा फरक सुमारे पावणेदोन सेकंदांचा भरतो. प्रतिध्वनीचा उशीर उलट अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त कमी होतो. मोहोची कुठलीही फेरी अशीच उलटी झुकते. सगळ्या नोंदींची एकच सरासरी काढली की हा झुकाव मरतो. तुम्ही बहुधा तेच केलंय, कारण प्रश्नात एकाच शिखराचा उल्लेख आहे.

शिलावरणाचा तळ शोधणारे बरेच जण म्हणूनच एस-रिसीव्हर फंक्शनकडे वळतात. इथे उलटा प्रवास बघायचा: खालून एस येते आणि सीमेवर तिची थोडी ऊर्जा पी लहरीत बदलते. पी जलद, म्हणून ती मूळ एसच्या आधी पोचते. मोहोचे सगळे प्रतिध्वनी मात्र एसच्या नंतर येतात. एका बाजूला आपल्याला हवं ते, दुसऱ्या बाजूला कचरा, आणि मध्ये मूळ एसचा धक्का. या एका सोयीमुळे ही पद्धत २००० नंतर झपाट्याने पसरली.

सोयीची किंमत चुकवावी लागतेच. एस येते तेव्हा पीची शेपटी अजून हलत असते, त्यामुळे गोंगाट जास्त. भूकंप साधारण ६० ते ८५ अंशांमधलेच चालतात. त्याहून जवळचे घेतले तर बदललेली पी आडवी पडते आणि वर येतच नाही. दीड वर्षात तुमच्याकडे पी-रिसीव्हर फंक्शनसाठी शंभर चांगल्या नोंदी निघत असतील, तर एससाठी वीस-पंचवीस निघाल्या तरी नशीब समजा.

आणखी एक गोष्ट नकाशे काढणारेसुद्धा कधीकधी विसरतात. बदललेली पी इतकी तिरकी येते की १०० किलोमीटर खोलीवरची सीमा तिने केंद्रापासून साधारण नव्वद ते दोनशे किलोमीटर दूर ओलांडलेली असते. म्हणजे एस-रिसीव्हर फंक्शन केंद्राच्या पायाखालचं सांगत नाही, भूकंप ज्या दिशेला झाला त्या दिशेच्या शेजारच्या भूभागाचं सांगतं. एका केंद्रावर पूर्वेकडचे भूकंप ९० किलोमीटर सांगत असतील आणि पश्चिमेकडचे १३०, तर सरासरी ११० काढू नका. दोन्ही आकडे खरे असू शकतात. ते दोन वेगळ्या ठिकाणचे आहेत, इतकंच.

तिसरा मुद्दा तरंगलांबीचा. एसचा उपयोगी आवर्तकाल आठ-दहा सेकंद, वेग साडेचार किलोमीटर, म्हणजे लांबी ३५ ते ४५ किलोमीटर. या लहरीला वेगातली घट वीसएक किलोमीटरच्या आत झाली तर ती नीट दिसते. तीच घट ७० किलोमीटरमध्ये हळूहळू झाली तर लहर काही न बोलता पुढे निघून जाते. म्हणून रिसीव्हर फंक्शनमध्ये काही दिसलं नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा घ्यायचा नसतो.

आता माझी फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तात्पुरत्या जाळ्यातल्या दहा-बारा केंद्रांवर मला मोहोच्या लगेच मागे एक सुरेख ऋण शिखर मिळालं. सगळीकडे एकसारखं, खोली ६० ते ७० किलोमीटर. पातळ शिलावरणाची गोष्ट रंगवून मी ते एका बैठकीत दाखवलं. मागच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एवढंच विचारलं, “फिल्टर बदलून पाहिलात का?” पाहिला नव्हता. घरी येऊन फिल्टरची मर्यादा चार सेकंदांवरून आठवर नेली, आणि माझा शिलावरणाचा तळ वीस किलोमीटर खाली सरकला. खडकातली सीमा माझ्या फिल्टरच्या तालावर नाचत नाही. ते मोहोच्या मोठ्या धन शिखराचं बाजूचं पिल्लू होतं, डीकन्व्होल्यूशनने जन्माला घातलेलं. त्या दिवसापासून कुठलंही ऋण शिखर निदान तीन वेगवेगळ्या फिल्टरांत जागेवर राहिल्याशिवाय मी त्याला नाव देत नाही. मोहो जिथे जाड असेल तिथे शिखर मोहोपासून सारख्याच अंतराने खाली सरकत असेल, तर तेही संशयाचं लक्षण.

दुसरी पद्धत पृष्ठलहरींची, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या लहरींची. रेले लहरी हा त्यांचाच एक प्रकार. तुम्ही उल्लेखलेला २०० किलोमीटरवाला निबंध बहुधा तिच्यावरचा असणार. एखाद्या मोठ्या, उथळ भूकंपाची दूरच्या केंद्रावरची उभी नोंद मोठ्या कागदावर काढून पाहा. पी आणि एस येऊन गेल्या की रेले लहरींचा लांबलचक ताफा येतो. त्याच्या तोंडाशी लाटा ऐसपैस असतात, दोन शिखरांत साठ-सत्तर सेकंदांचं अंतर. मागे-मागे त्या दाटत जातात, शेवटी वीस सेकंदांच्या आसपास. लांब लाटा आधी का पोचल्या? त्यांची मुळं खोल गेलेली असतात आणि खोलवरचा खडक त्यांना जास्त वेग देतो. भूकंपाच्या धक्क्यात सगळ्या एकत्र निघाल्या होत्या, वाटेत पांगल्या. या पांगण्यावरून, म्हणजे अपस्करणावरून, खोलीनुसार वेग काढता येतो.

ढोबळ नियम असा की रेले लहर तिच्या लांबीच्या साधारण एक-तृतीयांश खोलीवरच्या खडकाला सगळ्यात जास्त दाद देते. २० सेकंदांची लहर सत्तर किलोमीटर लांब, म्हणजे ती कवचाबद्दल बोलते. १०० सेकंदांची लहर चारशे किलोमीटरहून थोडी लांब, ती १३०-१४० किलोमीटरबद्दल बोलते. शिलावरणाचा तळ हवा असेल तर ५० ते १५० सेकंदांच्या लहरी स्वच्छ मोजता आल्या पाहिजेत. सभोवतालच्या सूक्ष्म कंपनांवरून केलेल्या मोजणीची हल्ली चलती आहे, पण ती बहुतेक ठिकाणी ४० सेकंदांच्या आसपास दमते. कवचासाठी उत्तम, तळासाठी अपुरी.

पृष्ठलहरींचा स्वभाव रिसीव्हर फंक्शनच्या अगदी उलटा आहे. हळूहळू होणारा बदल त्यांना दिसतो, कारण त्या जाड थराची सरासरी घेतात. पण कडा त्यांना दिसत नाही. १५० किलोमीटरवर वेग एकदम पाच टक्के पडला काय आणि १२० ते १८० मध्ये उतरत गेला काय, त्रुटीच्या पट्ट्यात दोन्हींचे अपस्करण-वक्र जवळपास एकमेकांवर बसतात. मग तळ कुठे म्हणायचा? कोणी वेग जिथे सगळ्यात झपाट्याने घटतो ती खोली घेतं. कोणी जागतिक सरासरीपेक्षा दोन टक्के जलद असलेला भाग जिथे संपतो ती. कोणी वेगाचं तापमानात रूपांतर करून १३०० अंश सेल्सिअसची रेषा घेतं. एकाच मॉडेलवर या तीन रीतींनी तीस-चाळीस किलोमीटरचा फरक सहज पडतो. निबंधाच्या सारांशात नुसता आकडा असतो. व्याख्या पद्धतीच्या विभागात कुठेतरी एका वाक्यात असते, आणि ते वाक्य शोधून वाचल्याशिवाय दोन निबंधांची तुलना करू नये.

खालून उभ्या येणाऱ्या पी-एसच्या प्रवासवेळांवरून केलेली टोमोग्राफी, म्हणजे वेगाचं त्रिमितीय चित्र, या कामाला जवळपास निरुपयोगी आहे. किरण उभे असल्यामुळे वेगाची विसंगती वर-खाली ओघळते. तिने डावी-उजवी बाजू छान कळते, तळ कळत नाही.

आता १०० विरुद्ध २०० चं कोडं बघा. कॅनडाचा ढालप्रदेश, दक्षिण आफ्रिकेतला काप्वाल अशा जुन्या भूभागांखाली पृष्ठलहरी २०० किलोमीटरपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही खोल, जलद आणि थंड प्रावरण दाखवतात. त्याच भूभागांखाली एस-रिसीव्हर फंक्शनमध्ये ऋण शिखर ७० ते १०० किलोमीटरच्या आसपास मिळतं. आधी अनेकांनी त्यालाच तळ म्हटलं. पण जुन्या, थंड शिलावरणात तापमान खाली इतकं सावकाश वाढतं की खऱ्या तळाशी तीव्र कडा तयार व्हायला कारणच नाही, म्हणजे रिसीव्हर फंक्शनला तो तळ दिसायला नकोच. २०१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेच्या नोंदींवरून हा विचार पक्का होत गेला की १०० किलोमीटरच्या आतली ती सीमा शिलावरणाच्या पोटातलीच एक घडी आहे. तिला आता मध्य-शिलावरणीय सीमा म्हणतात. ती कशाची आहे यावर वाद चालूच आहे: पाणी धरून ठेवणारी खनिजं, जुन्या वितळीचे थर, की स्फटिकांच्या कलातला बदल.

भारतीय भूपट्टाचं उदाहरण तर याच वादातलं आहे. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात एस-रिसीव्हर फंक्शनवरून भारताखाली शिलावरण सुमारे १०० किलोमीटर, तर गोंडवना या प्राचीन महाखंडाच्या इतर तुकड्यांखाली, म्हणजे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांच्याखाली १८० ते ३०० किलोमीटर असं मांडलं होतं. गोंडवना फोडणाऱ्या तप्त प्रवाहाने भारताच्या शिलावरणाचा खालचा अर्धा भाग वितळवला असावा, आणि म्हणून भारत वर्षाला १८-२० सेंटिमीटरच्या वेगाने उत्तरेला धावू शकला, असा तर्क होता. कल्पना देखणी आहे. पण नंतरच्या काही पृष्ठलहरींच्या अभ्यासांत दक्षिणेच्या धारवार ढालप्रदेशाखाली याहून जाड शिलावरण दिसतं.

लहरींबाहेरचा एक साक्षीदारही आहे. आंध्र प्रदेशातल्या वज्रकरूरच्या किंबर्लाइटमध्ये, म्हणजे खूप खोलून वर आलेल्या ज्वालामुखी खडकात, हिरे सापडतात, आणि हिरा टिकायला ढालप्रदेशाच्या थंड शिलावरणातही साधारण १५० किलोमीटर खोलीचा दाब लागतो. म्हणजे ११० कोटी वर्षांपूर्वी, ते किंबर्लाइट वर आले तेव्हा, तिथे शिलावरण निश्चितच जाड होतं. आज आहे का, हे हिरे सांगू शकत नाहीत. मधल्या काळात खालून झिजलेलं असू शकतं. माझा कल जाड शिलावरणाकडे आहे, पण हा कल आहे, निकाल नव्हे.

महासागरांत हे सगळं सोपं होतं. तिथे भूपट्ट मध्य-सागरी कण्यावर जन्मतो आणि दूर सरकता-सरकता थंड होत जाड होतो, साधारण वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. वय चौपट झालं की जाडी दुप्पट. पॅसिफिकमधल्या पृष्ठलहरींनी हे चित्र बऱ्यापैकी उचलून धरलंय. तिथे कोडं वेगळंच आहे: तळाची कडा फारच तीक्ष्ण मिळते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी समुद्रतळात खोदलेल्या विवरांतल्या कंपमापकांवरून ती दाखवली. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर जमिनीत सुरुंग उडवून खाली गेलेल्या पॅसिफिक भूपट्टाच्या तळावरून परावर्तन मिळवलं गेलं, साधारण शंभर किलोमीटर खोलीवरून. सुरुंगाच्या लहरी आखूड असतात, त्यांना ती कडा एक किलोमीटरहूनही पातळ दिसली. नुसत्या तापमानाने इतकी बारीक कडा होऊ शकत नाही. किंचित वितळलेला खडक किंवा पाणी आल्याशिवाय हे जमत नाही. जाडी मोजायला निघालेल्या लहरींनी इथे कारणसुद्धा सांगितलं, म्हणून हा प्रयोग मला फार आवडतो.

आता तुमच्या एका केंद्रातून काय निघेल? कवचाची जाडी आणि पी-एस वेगाचं गुणोत्तर तुम्ही विश्वासाने देऊ शकता. त्यासाठी ते प्रतिध्वनी शत्रू नाहीत, साक्षीदार आहेत. एच-कप्पा स्टॅकिंगमध्ये, म्हणजे कवचाची जाडी आणि वेगाचं गुणोत्तर एकत्र शोधण्याच्या रीतीत, ४.४, १४.६ आणि १९ सेकंदांची तिन्ही शिखरं एकाच मोहोवर जुळली की मोहो पक्का होतो. तुमचं १९ चं शिखर तिथे खरं कामाला येईल.

तळासाठी एस-रिसीव्हर फंक्शन करून पाहा, पण दिशेनुसार गट पाडून. त्या भागाचे प्रसिद्ध झालेले रेले अपस्करण-वक्र मिळत असतील तर दोन्हींचं एकत्रित व्यस्त गणित करा. एक कडा सांगेल, दुसरं सरासरी वेग. वेगाचं मॉडेलही तपासा. जुन्या ढालप्रदेशाखाली एसचा वेग ४.५ ऐवजी ४.७ च्या जवळ असू शकतो, आणि तेवढ्याने १०० किलोमीटरच्या आकड्यात सहा-सात किलोमीटरची भर पडते. म्हणून ‘१७२’ मधला तो दोन मला खटकतो. असल्या मोजणीत शेवटचा अंक शोभेचा असतो.

हे सगळं करण्याआधी कंपमापकाचा उत्तर-दक्षिण घटक खरोखर उत्तरेकडे आहे का ते बघा. हसू नका. माझ्या एका केंद्रावर खड्ड्याच्या काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी होती. होकायंत्र तिच्याकडे वळलं आणि आम्ही यंत्र वीस अंश तिरकं बसवून आलो. आठ महिन्यांच्या नोंदी गेल्यावर कळलं, कारण पी लहरीची गती भूकंपाच्या दिशेशी जुळेना. त्या नोंदी गणिताने फिरवून दुरुस्त झाल्या, पण तोवर त्या तिरकेपणातून मी खडकांच्या कलाचा एक सुंदर सिद्धांत काढून बसले होते.

प्रबंधात तूर्त इतकं लिहिलंत तरी चालेल: मोहो ३५ किलोमीटरवर, १९ सेकंदांवर ऋण शिखर, ते मोहोच्या प्रतिध्वनीच्या अपेक्षित वेळेशी जुळतं, शिलावरणाच्या तळाबद्दल स्वतंत्र पुरावा हवा. परीक्षक खोडून काढू शकणार नाहीत असं हे वाक्य आहे. अंतरानुसार लावलेल्या नोंदींचा आलेख काढलात की इथे टाका. १९ सेकंदांची रेघ कुठल्या बाजूला झुकते ते मलाही बघायचंय.